दुपारच्या मैदानात फोटो मऊ का येतात?

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मुलींच्या खो-खोचे फोटो काढतो. क्रॉप (लहान) सेन्सरचा साधा कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे. शटर १/१६०० सेकंद ठेवूनही दुपारच्या सामन्यांचे फोटो मऊ येतात, पाण्यातून बघितल्यासारखे. १५०-६०० घ्यावी का?
– एक वाचक, ता. तुळजापूर, जि. धाराशिव

उत्तर : सर, एवढ्यात घेऊ नका. तुमचं शटर बरोबर आहे. सेकंदाला ७ मीटर पळणारी मुलगी १/१६०० सेकंदात जेमतेम साडेचार मिलिमीटर सरकते, त्यानं फोटो असा होत नाही. दोष हवेचा आहे. आपल्याकडे उन्हाळा लागला की मुरमाचं मैदान सकाळी अकरालाच तापतं. जमिनीलगतची हवा गरम होऊन वर उठते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकतो. लेन्स लांब आणि खेळाडू दूर, म्हणजे ही थरथर आणखी मोठी. ६०० वर ती दुप्पट दिसेल, एवढंच.

खात्री करून घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, पलीकडच्या खांबावर फोकस करून तो स्क्रीनवर मोठा करून बघा. खांबाची सरळ कड नागमोडी हलताना दिसेल. मग फोकस न हलवता लागोपाठ दहा फोटो काढा. एखादा लख्ख, बाकीच्यांत कड वेगवेगळ्या जागी वाकलेली, असं असेल तर हवाच. दहाही सारखेच मऊ असतील तर मात्र लेन्स किंवा फोकस तपासायला हवा.

यावर खरा उपाय जवळ जाण्याचा. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं, ते काही फुटबॉलचं नाही. पंचांना विचारून खांबाच्या मागे, रेषेपासून लांब आणि जरा तिरकं थांबा. म्हणजे खांबाजवळ गडी बाद करायला येणाऱ्या मुलीचा चेहरा तुमच्याकडे असतो. १२ मीटरवरून १३५ लावली तर सुमारे २ मीटर रुंदीचं दृश्य मिळतं, सूर मारलेली मुलगी हातापायांसकट मावते. १५ मीटरवरून ३०० लावली की रुंदी मीटरभर उरते आणि नेमका पुढे झेपावलेला हातच कापला जातो. शिवाय एफ ५.६ वर (लेन्सच्या छिद्राचा आकडा) तिथं फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, अर्ध्या मीटरच्या आसपासच असते. सतत फोकस चालू ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवर.

एरवी मी गुडघ्यावर बसून काढा म्हणतो, खेळाडू उंच आणि भारदस्त दिसतात. भर दुपारी मात्र उभे राहा, कारण सगळ्यात वाईट थर जमिनीलगत असतो.

आणि सर, वेळापत्रक तर तुमच्याच हातात आहे ना? खो-खोपटू सारिका काळे तुमच्याच जिल्ह्याची, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच मातीत पळणाऱ्या तुमच्या मुलींचे चेहरे नीट दिसावेत, असं मला फार वाटतं. दुपारी सूर्य डोक्यावर असतो, डोळ्यांखाली काळी सावली पडते. ती कुठलीच लेन्स काढू शकत नाही. अंतिम सामना सकाळी साडेसात-आठला ठेवा. मैदान गार असतं, मुलींच्याही जिवाला बरं. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा आणि तुमची ७०-३०० च वापरा. त्या फोटोंतले चार-पाच, मूळ आकारात, मला पाठवा. त्यानंतरही लेन्स अपुरी वाटली तर आपण पुन्हा बोलू.