एचआयव्हीत नेफ प्रथिन नसेल तर एड्स होत नाही, हे खरं आहे का?

अर्धं खरं. मी विषाणुशास्त्र शिकवतो आणि नेफचा विषय निघाला की आधी नावाची गंमत सांगतो. हे प्रथिन विषाणूची वाढ रोखतं असा सुरुवातीला समज झाला, म्हणून 'निगेटिव्ह फॅक्टर'वरून नेफ. पुढे उलटंच निघालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तुम्ही ऐकलंय ते बहुधा सिडनीतलं प्रकरण. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एकाच दात्याच्या रक्तातून काही जणांना एचआयव्ही झाला, पण वर्षानुवर्षं त्यांचा आजार बळावेना. १९९५मध्ये कारण कळलं: त्यांच्या विषाणूत नेफच्या जनुकाचा तुकडाच गळालेला होता.

नेफ हे विकर (एन्झाइम) नाही; ते स्वतः काही कापत नाही की जोडत नाही. जेमतेम दोनशे अमिनो आम्लांचं हे प्रथिन म्हणजे निव्वळ दलाल. पेशीच्या पटलाला आतून चिकटून बसतं आणि पृष्ठभागावरची प्रथिनं पेशीच्याच वाहतूक यंत्रणेच्या हवाली करतं. पहिलं गिऱ्हाईक सीडी४, म्हणजे प्रतिकारपेशींवरचं ते प्रथिन ज्याला धरून एचआयव्ही आत शिरतो. विद्यार्थी हमखास विचारतात, ज्या दारातून विषाणू आत आला तेच तो का काढून टाकतो? कारण बाहेर पडणारे नवे विषाणू त्याच दाराला अडकतील, शिवाय प्रतिपिंडांना बाधित पेशी ओळखणं सोपं जाईल. दुसरं गिऱ्हाईक एचएलए-ए आणि बी, म्हणजे मारक टी पेशींना 'आत विषाणू आहे' असं दाखवणारे फलक. एचएलए-सीला मात्र नेफ सहसा हात लावत नाही. सगळेच फलक गेले तर फलक नसलेल्या पेशींना मारणाऱ्या वेगळ्या पेशींना, म्हणजे नैसर्गिक मारक पेशींना, संशय येतो. इतका हिशेबीपणा पाहून मला अजूनही नवल वाटतं. विषाणूची संसर्गक्षमता घटवणाऱ्या सेरिंक५ या प्रथिनालाही नेफ बाजूला सारतं, हे २०१५मध्ये उघड झालं.

म्हणजे नेफमुळे बाधित पेशी लपून राहते, विषाणू वाढत जातो, प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहते आणि त्यातच झिजते.

आता उरलेलं अर्धं. सिडनीच्या गटातही दात्यासह काहींच्या सीडी४ पेशी (सीडी४ असलेल्या प्रतिकारपेशी) पुढे घटू लागल्या. माकडांतल्या एचआयव्हीसारख्या विषाणूतलं नेफ काढून त्याची जिवंत लस करावी असाही विचार झाला होता, पण त्या विषाणूनं माकडांच्या पिल्लांना एड्स झाला. नेफ नसेल तर आजार रेंगाळतो, टळेलच असं नाही. त्यामुळे संसर्ग असेल तर नेफचा विचार बाजूला ठेवून औषधं सुरू करा. ती रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, इंटिग्रेजसारख्या विषाणूच्या विकरांना अडवतात, नेफ असो वा नसो.