कॉन्वीला पहिल्यांदा जाताय?

वेल्समधल्या कॉन्वीचं स्टेशन गावाच्या जुन्या तटबंदीच्या आतच आहे, त्यामुळे अर्धा दिवसही पुरतो. नवखे हमखास फसतात ते एकाच गोष्टीत: गाडी इथे सांगितलं तरच थांबते. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगा, परतताना फलाटावरून ड्रायव्हरला हात दाखवा. चुकलंच तर लॅन्डिडनो जंक्शन या शेजारच्या स्टेशनहून पूल ओलांडून चालत या. किल्ला समोर उभा असतो. मला तर तीच वाट आवडते.

- आधी तटावर चढा. सुमारे १.३ किलोमीटर, २१ बुरूज, आणि फुकट! बांधकाम १२८३ ते १२८७ मधलं, इतकं जुनं, म्हणून बूटच घाला.
- मग किल्ला.
- धक्क्यावरचं इवलंसं लाल घर (ब्रिटनमधलं सर्वांत लहान म्हणून प्रसिद्ध) बाहेरून बघितलंत तरी चालेल.

बाकीचं पुढच्या खेपेला.