टिक काढली तरी परत येते : यूएसबीच्या वीजबचतीविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमचं सेवा केंद्र आहे. अंगठ्याचं मशीन मधेच बंद पडतं आणि गिऱ्हाईक ताटकळतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीजबचतीची टिक काढतो, पण काही दिवसांनी ती पुन्हा लागलेली दिसते. असं का?

तुमचं मशीन रोज एकाच पोर्टला लागतं का, हे आधी बघा. 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमधली ती टिक, म्हणजे वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची कॉम्प्युटरला दिलेली परवानगी, सगळ्या कॉम्प्युटरसाठी नसते, एकेका उपकरणासाठी असते. ज्या उपकरणाला स्वतःचा सिरीयल नंबर नाही, त्याला विंडोज पोर्टवरून ओळखतं. झाडलोट करताना वायर काढली आणि शेजारच्या पोर्टमध्ये खोचली, की विंडोजच्या लेखी ते नवं उपकरण. मग टिक मूळ जागी असणारच. तुमची जुनी सेटिंग पुसली गेलेली नसते, ती जुन्या पोर्टच्या नावावर पडून असते.

रूट हबचंही तसंच. रूट हब म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला, यूएसबी पोर्ट ज्याला जोडलेले असतात तो मुख्य जोड. एका कॉम्प्युटरमध्ये बहुधा दोन-तीन रूट हब असतात आणि लोक भलत्याच हबची टिक काढून बसतात. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' निवडा. मशीन नेमकं कुठल्या हबखाली आहे ते तिथे उतरंडीत दिसतं. त्या हबची आणि मशीनची, दोन्ही टिका काढा. मग त्या पोर्टजवळ रंगीत चिकटपट्टी लावा आणि केंद्रातल्या सगळ्यांना बजावा की मशीन इथेच लावायचं.

दुसरं कारण ड्रायव्हर. विंडोजचं मोठं अपडेट आलं किंवा ड्रायव्हर नव्याने टाकला, की उपकरणाची सेटिंग पुन्हा मुळावर येऊ शकते. आरडी सर्व्हिस (अंगठ्याच्या मशीनचा प्रोग्राम) नव्याने इन्स्टॉल केल्यावरही टिका तपासायची सवय ठेवा. रांग लागलेली असताना शोधाशोध करण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न : पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल केलं आहे. तरी लॅपटॉपला जोडलेला माइक रेकॉर्डिंगच्या मधेच गायब होतो. पुन्हा बघितलं तर सेटिंग एनेबल्ड!

वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी ही सेटिंग प्रत्येक पॉवर प्लॅनची, म्हणजे वीजवापराच्या सेटिंगच्या प्रत्येक संचाची, वेगळी असते. त्यातही 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन' असे दोन रकाने. बरेच जण एकच बदलतात.

पण माझा खरा संशय लॅपटॉपबरोबर आलेल्या कंपनीच्या प्रोग्रामवर आहे. 'सायलेंट', 'परफॉर्मन्स' असं काही निवडलं, की त्यातले काही प्रोग्राम मागच्या मागे प्लॅनच बदलतात. पुढच्या वेळी माइक गेला, की कंट्रोल पॅनेलमधलं पॉवर ऑप्शन्स उघडा आणि ठिपका कुठल्या प्लॅनपुढे आहे ते बघा. ठिपका हललेला असेल तर चोर सापडला. त्या प्रोग्रामचा आपोआप मोड बदलण्याचा पर्याय बंद करा, किंवा प्रत्येक प्लॅनमध्ये जाऊन दोन्ही रकाने बदला.

रेकॉर्डिंग चार्जरवरच होत असेल, तर बॅटरीच्या रकान्यात ही सेटिंग एनेबल्डच राहू द्या. झोपलेलं यूएसबी उपकरण जेमतेम 2.5 मिलिअँपिअर घेतं. शिवाय उपकरण जागं असलं, की बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसरलाही गाढ झोप लागत नाही. बॅटरीवर असताना ही बचत मोलाची आहे.

प्रश्न : ऑफिसच्या लॅपटॉपवर सकाळी निवडलेला पॉवर प्लॅन दुपारपर्यंत बदललेला असतो.

तो तुमच्या आयटी विभागाने ठरवून दिलेला असावा. ग्रुप पॉलिसी, म्हणजे आयटी विभागाने सगळ्या कॉम्प्युटरना लावलेले नियम, साधारण 90 मिनिटांनी, वर अर्ध्या तासापर्यंतच्या फरकाने, पुन्हा लागू होते. तिच्याशी झटापट करू नका. कुठलं उपकरण बंद पडतं ते लिहून कळवा आणि बदल त्यांच्याकडूनच करून घ्या.

प्रश्न : माझ्या नव्या लॅपटॉपमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबच नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) बदल करून तो आणता येतो म्हणतात. करू का?

नका करू. तुमचा लॅपटॉप बहुतेक 'मॉडर्न स्टँडबाय' या नव्या पद्धतीच्या झोपेचा आहे. त्यात उपकरणांची झोप विंडोज स्वतः सांभाळतं आणि बऱ्याच उपकरणांचा तो टॅब दिसत नाही. फिरत असलेल्या उपायांपैकी एक तर विंडोज 10 च्या 2004 आवृत्तीपासून चालतच नाही. दुसऱ्याने मॉडर्न स्टँडबाय बंद होतं, पण लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीच्या स्लीपची सोय नसेल तर झाकण मिटल्यावर झोपेचीच पंचाईत होते. त्याऐवजी सेटिंग्जमध्ये यूएसबीच्या पानावर जा. स्क्रीन बंद झाल्यावर उपकरणं थांबवण्याचा पर्याय तिथे दिसला तर तो बंद करा.

प्रश्न : लिनक्सवर कीबोर्डच्या 'पॉवर/कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑन' लिहितो, रीबूट झाल्यावर पुन्हा 'ऑटो'.

'ऑन' म्हणजे उपकरण जागं ठेवा, 'ऑटो' म्हणजे रिकामं असलं की झोपू द्या. ती फाइल डिस्कवर नसतेच, कॉम्प्युटर चालू असताना कर्नल (लिनक्सचा गाभा) ती दाखवतो. वायर काढून लावली तरी तुमचा बदल जाईल. कायमचा हवा असेल तर कीबोर्डच्या व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीवर यूडेव्हचा (उपकरण जोडलं की नियम लावणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) नियम लिहा. टीएलपी हा वीजबचतीचा प्रोग्राम वापरत असाल तर तोच आयडी त्याच्या यूएसबी डिनायलिस्टमध्ये (वगळायच्या उपकरणांच्या यादीत) घाला. आणि पॉवरटॉप या तशाच प्रोग्रामची 'ऑटो ट्यून' सेवा सुरू असेल तर ती आधी बंद करा. दर बूटला 'ऑटो' लिहिणारी बहुधा तीच असते.