चीनची टांगती तलवार डोक्यावर असताना तैवानचे लोक भविष्याची तयारी करतात का?

तुम्ही विचारलंय की तिथले लोक निर्धास्त असतात की आतून घाबरलेले. मी पीएचडीसाठी तैवानमधल्या शिंचू शहरात राहिलो. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो.

निर्धास्त कोणीच नाही, पण ऊठसूट त्यावर बोलणाराही मला फारसा भेटला नाही. माझ्या लॅबमधल्या एका मैत्रिणीच्या घरी दाराशी, चपलांच्या कपाटावर, एक सॅक कायम भरलेली असे. पाणी, टॉर्च, शिट्टी, पॉवरबँक, आईची औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स. ही सॅक भूकंपासाठी. 1999 च्या भूकंपात तैवानमध्ये सुमारे 2,400 माणसं गेली, तेव्हापासून तिच्या घरात ही सवय आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी येऊन गेल्या आणि त्याचा निषेध म्हणून चीनने बेटाच्या आजूबाजूला क्षेपणास्त्रं डागली. तेव्हा तिने त्याच सॅकमध्ये रोख पैसे आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ टाकला. माझ्या मते तैवानी तयारी ही अशी असते. युद्धासाठी वेगळं काही मांडत नाहीत, भूकंप आणि वादळांनी लावलेल्या शिस्तीतच त्याची भर घालतात.

सरकारी पातळीवरही हालचाल आहे. दरवर्षी हवाई हल्ल्याचा सराव होतो. भोंगा वाजला की गाड्या थांबतात, रस्ते अर्धा तास रिकामे होतात, न ऐकणाऱ्याला दंड बसतो. 2005 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलग्यांची सक्तीची लष्करी सेवा 2024 पासून चार महिन्यांवरून एक वर्षावर गेली. कुमा अकॅडमीसारख्या संस्था सामान्य माणसाला रक्तस्राव थांबवायला, खोट्या बातम्या ओळखायला शिकवतात. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण अफवा पसरायला क्षेपणास्त्र लागत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत तैवानच्याच मात्सू बेटांच्या समुद्राखालच्या दोन्ही केबल तुटल्या आणि तिथले लोक कित्येक आठवडे धड इंटरनेटशिवाय राहिले. संपर्क तुटणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं.

मात्र सगळेच सॅक भरत नाहीत. "मोठं युद्ध झालंच तर सॅक काय कामाची?" असं म्हणणारेही भेटले, आणि त्यांना बेफिकीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जेवताना तरुण मंडळी बोलायची ती घरांच्या किमतींवर, पगारावर आणि म्हाताऱ्या आईवडिलांना कोण बघणार यावर. तिथला जन्मदर जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी आहे, आणि मूल का नको याचं कारण विचारलं की चीनच्या आधी घराचा हप्ता निघायचा.

राजकारणातही हेच दिसतं. तैवानचं चेंगची विद्यापीठ 1994 पासून लोकांना विचारतंय: स्वतंत्र व्हायचं, चीनमध्ये विलीन व्हायचं, की आहे तसंच राहायचं? वर्षानुवर्षं बहुसंख्य लोक या ना त्या स्वरूपात "सध्या आहे तसंच" म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. मला तो पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय वाटतो: आणखी एक वर्ष शांततेत गेलं, तर तेवढं वर्ष तयारीला मिळतं.