वेल्डर आणि लेथवाले, दोघांना एकच सुरक्षा कपडे चालतील का?

नाही चालणार. आधी कुठल्या कामात नेमका कसला धोका आहे ते बघा, मग कपडा ठरवा.

वेल्डरला पॉलिस्टर अजिबात देऊ नका. ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटतं आणि जखम आणखी खोल जाते. त्याला ज्वालारोधक कापड हवं; लेबलवर आयएसओ ११६११ हे मानक शोधा. खिशांना झाकण असावं आणि पँटचा पाय खाली दुमडलेला नसावा, नाहीतर तापलेले कण तिथेच अडकून बसतात.

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, मात्र मुख्य भीती कपडा गुंतण्याची. बाह्या मनगटाशी घट्ट हव्यात, अंगावर लोंबतं काही नको, आणि फिरत्या जॉबजवळ (त्या तुकड्याजवळ) हातमोजे तर मुळीच नकोत. मोज्याचं टोक अडकलं की अख्खा हात ओढला जातो. सुरक्षेसाठी म्हणून सगळ्यांना सरसकट मोजे वाटले जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

बूट दोघांनाही २०० जूलचा आघात सोसणाऱ्या टो-कॅपचे (बोटांवर कडक टोपी असलेले) घ्या.

मोठी ऑर्डर देण्याआधी दोन-तीन नमुने कामगारांना आठवडाभर घालायला द्या. वाकताना पाठ उघडी पडते का, बूट चावतो का, हे तेच सांगतील. महिला कामगारांसाठी त्यांच्या मापाचे वेगळे मागवा, पुरुषांचे छोटे साइज देऊन भागवू नका.