शेत ओढ्याला लागून आहे. फवारणीचं औषध पाण्यात जाऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय, वारा नको म्हणून पहाटेच औषध मारता, तरी ओढ्यावर वास येतोच. घोळ त्या पहाटेतच आहे. मीही कैक वर्षं तेच करत होतो.

बेळगावकडच्या मार्कंडेय नदीकडं उतरणाऱ्या नाल्याच्या काठाला आमचा कोबी असतो. फवारायला येणारा गडी कन्नड बोलणारा. बांधावर उभा राहून तो म्हणायचा, ‘गाळी इल्ला’, म्हणजे वारा नाही, की आम्ही पंप सुरू करायचो. एका थंडीत लॅम्डा सायहॅलोथ्रिन हे कीटकनाशक मारलं आणि नऊच्या सुमारास डबक्यात बारकी मासळी उताणी तरंगताना दिसली. हे औषध माशांना अगदी थोडंही सोसत नाही.

हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यात बारीक तुषार वर चढून विरत नाहीत, लवकर खालीही बसत नाहीत. गार हवेबरोबर उताराकडं सरकतात. आणि आपला उतार पाण्याकडंच की! न्हाणीच्या चुलीचा धूर बघा. आडवा पसरत असेल तर पंपाला हात लावू नका. ऊन पडून तो वर जायला लागला, पानं हलकी सळसळू लागली, की मारा. वारा मात्र ओढ्याकडून शेताकडं हवा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा हटत नाही; ओढा पूर्वेला असेल तर काठच्या सऱ्या त्या दिवशी सोडून द्या.

दुसरं, एचटीपीचा, म्हणजे जोराच्या दाबानं फवारणाऱ्या मोटरपंपाचा दाब. गनमधून धुकं निघालं की गड्याला काम झाल्यासारखं वाटतं. पण थेंबाचा व्यास निम्मा केला की एकाचे 8 थेंब होतात. 100 मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा) थेंब 10 फूट खाली यायला साधारण 10 सेकंद घेतो, 20 मायक्रॉनचा 4 मिनिटं तरंगतो. दाब उतरवा, मोठ्या भोकाचं नोझल लावा, गन पिकाजवळ धरा. काठच्या चार-पाच सऱ्या पाठीवरच्या पंपानं, ओढ्याकडं पाठ करून.

औषध अडवायला काठाला गवताचा पट्टा ठेवा. मी आधी नेपियर लावलं, मग लक्षात आलं की तेच म्हशीला घालतोय. आता वाळा आहे.

आणि पंप कुठं धुता ते लिहिलं नाही तुम्ही. ओढ्यात धूत असाल तर आधी ते बंद करा. धुतलेलं पाणी त्याच पिकावर मारून टाका.