मेघली पातळ का राहते, पिठूळ का लागते

तुम्ही लिहिलंय की मेघली, म्हणजे लेबनॉनकडची तांदळाच्या पिठीची मसालेदार गोड खीर, दहा मिनिटांत दाटली म्हणून उतरवली, पण गार झाल्यावर ती पळीवाढीच राहिली आणि कच्च्या पिठाची चव आली. दोन्हींचं कारण एकच: ती कमी शिजली. ‘मेघली’ या अरबी शब्दाचा अर्थच ‘उकळलेली’. तांदळाची पिठी उकळी फुटण्याआधीच फुगते, त्यामुळे झालं असं वाटतं. खरं शिजणं तिथून पुढे सुरू होतं.

प्रमाण २४० मिलिलिटरच्या कपाचं: १ कप अगदी बारीक पिठी, १ कप साखर, ८ कप पाणी, २ मोठे चमचे शहाजिऱ्याची पूड, १ मोठा चमचा दालचिनी पूड, अर्धा मोठा चमचा विलायती बडीशेपेची (ॲनिसीड) पूड. दूध नाही, अंडं नाही. भाकरीचं पीठ वापरू नका, रवाळ लागतं. मोदकाची पिठी चालेल.

शहाजिऱ्याकडे नीट लक्ष द्या, पदार्थाचा जीव त्यातच आहे. या नावाने दुकानात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. बिर्याणीतलं बारीक, काळपट, मातकट वासाचं काळं जिरं इथे चालत नाही. हवं ते तपकिरी, किंचित वाकडं, बडीशेपेकडे झुकणाऱ्या वासाचं, इंग्रजीत कॅरवे. ते न भाजता दळा आणि चाळून घ्या, नाहीतर कोंडा जिभेला लागतो. भाजलं तर आमटीच्या मसाल्याकडे वळतं. विलायती बडीशेप नसेल तर आपली साधी घ्या. गोडसर लागेल, पण बिघडणार नाही.

सगळं कोरडं जिन्नस जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात पिठी टाकली की गुठळ्या झाल्याच. मोठ्या आचेवर सतत ढवळत उकळी आणा, मग आच अगदी मंद करून ४० ते ५० मिनिटं शिजवा. दर दोन मिनिटांनी तळ खरवडून ढवळा. एकदा तळाला लागलं की करपट वास सगळीकडे जातो. रंग गडद तपकिरी होतो आणि गार बशीवर टाकलेला थेंब ओघळत नाही, तेव्हा उतरवा. गरम असतानाच वाट्यांत ओता आणि मग हलवू नका. सेट होताना ढवळलं तर पाणी सुटतं.

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईनमध्ये बाळ जन्मलं की भेटायला येणाऱ्यांना हीच वाटी देतात. आपल्याकडे बाळंतिणीला शेपा देतात, तसाच या मसाल्यांनी दूध वाढतं असा तिथे समज आहे. तपकिरी रंग मातीचा, वरचा मेवा अंकुरांचा, असंही मानतात. अक्रोड, बदाम, चिलगोजे रात्रभर भिजवतात. अक्रोडाचं पाणी दोनदा बदला, कडवटपणा जातो. मेवा आणि सुक्या खोबऱ्याचा कीस वाढतानाच घाला, आधी घातला तर बुडतो.

तुमची आत्ताची मेघली टाकू नका. पातेल्यात परत घेऊन व्हिस्कने मोडा, मंद आचेवर आणखी २५ मिनिटं शिजवा आणि बशीवर थेंब टाकून बघा.